‘तो म्हणाला’चं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. एका दिवाळी अंकाकडे पाठवलेली कथा ‘संवाद कृत्रिम वाटतात’ एवढ्या एका ओळीच्या शेऱ्यासह परत आली. शाळेत ‘तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये’ असं शिकवलं होतं, म्हणून लेखकाने प्रत्येक वाक्यापुढे वेगळं क्रियापद घातलं. इंग्रजीतली लेखनाची पुस्तकं मात्र सांगतात, साधं ‘सेड’ ठेवा, बाकी सगळं काढा. मग मराठीत दर ओळीला ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ लिहायचं का? सोबत कथेतल्या चार ओळी दिल्या आहेत :

“घर विकायचं नाही!” प्रकाश गर्जला.
“पण कर्ज कोण फेडणार?” सुनीता उद्गारली.
“ते मी बघेन,” तो उत्तरला.
“तू कधीच काही बघत नाहीस!” ती फणकारली.

मी सत्तावीस वर्षं कथा लिहितेय आणि त्यातली पंधरा वर्षं दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून निवडायचं काम केलंय. जून-जुलैत गठ्ठे येतात. त्यातल्या निम्म्या कथांमध्ये कुणीतरी गर्जत असतं.

तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले अर्धेमुर्धे आहेत. शाळेतला सल्ला निबंधापुरता. इंग्रजीतला इंग्रजीपुरता, कारण तिथल्या त्या शब्दाला लिंग नाही, वचन नाही, आदर नाही. वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून घसरून जातो. आपलं ‘म्हणाला’ बोलणारा बाई की बाप्या ते सांगतं, आणि ‘म्हणाले’ झालं की सांगणाऱ्याचं त्या माणसाशी नातं काय, तेही सांगून टाकतं. एवढं बोलणारा शब्द दर ओळीला खर्च करायचा नसतो. पण त्याची लाज वाटून ‘उद्गारला’च्या मागे लपायचंही कारण नाही. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ उघडा. पानोपानी संवाद आहेत आणि म्हाइंभट मुख्यतः ‘म्हणीतलें’वरच भागवतात. सर्वज्ञें म्हणीतलें, भटीं म्हणीतलें. सातशे वर्षांनी वाचतानाही त्याचा कंटाळा येत नाही, कारण लक्ष काय म्हटलंय इकडे असतं.

तेव्हा आधी ‘म्हणाला’ बाजूला ठेवा आणि नुसतं वाक्य काय काय सांगतं ते बघा.

“कुठे गेली होतीस?”
“अगं, दळण टाकायला.”

या दोन ओळींना शेपूट नाही. तरी कळतं की दोघी बायका आहेत, एकमेकींना एकेरीत बोलण्याइतक्या जवळच्या आहेत, आणि दुसरी जरा सफाई देतेय. पहिलीचं बाईपण दुसरीच्या ‘अगं’ने सांगितलं, दुसरीचं पहिलीच्या ‘होतीस’ने. मराठीत माणूस बोलता बोलता समोरच्याची ओळख करून देतो. ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’, वाक्याच्या शेवटचे ‘रे’, ‘गं’, ‘हो’, तू-तुम्ही, ‘येतोस’, ‘येतेस’, ‘येता’ : हे सगळं फुकट मिळतं. मराठी लिहिणाऱ्याने आधी ही पुंजी वापरावी आणि उरलंसुरलं काम ‘म्हणाला’कडे द्यावं.

पण ही पुंजी कुठे संपते तेही माहीत हवं. ‘मी येईन’, ‘मी जाईन’ यात लिंग नाही. ‘मी केलं’, ‘मी बघितलं’ यातही नाही. ‘तुम्ही आलात’ हे सासऱ्यांनाही चालतं आणि सासूबाईंनाही. भविष्याबद्दल चाललेलं भांडण लिहिताना (आणि घर विकायचं भांडण भविष्याबद्दलच असतं) खुणा अचानक आटतात आणि चौथ्या-पाचव्या ओळीला वाचक मागे जाऊन बोटाने मोजायला लागतो, ही ओळ कुणाची. तिथे ‘म्हणाली’ हवंच. दुसरी जागा कोल्हापूरकडची. तिकडे कितीतरी बायका सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तशी बाई तुमच्या कथेत असेल तर तिचं बोलणं पुण्याच्या व्याकरणात बसवू नका. तिला पहिल्या वाक्याला नावानिशी ‘म्हणाली’ द्या आणि मग खुशाल ‘आलो’ म्हणू द्या.

आता ‘म्हणाले’. आपल्या घरांमध्ये ‘बाबा म्हणाले’ असतं पण ‘आई म्हणाली’ असतं, ‘सासूबाई म्हणाल्या’ आणि ‘दादा म्हणाला’ असतं. हे आपण विचार न करता लिहितो, आणि नेमकी तिथेच मोठी संधी वाया घालवतो. समजा, मुलगा गोष्ट सांगतोय. सगळी कथाभर ‘बाबा म्हणाले’. मग कळतं की त्यांनी बहिणीच्या नावावरची जमीन परस्पर गहाण टाकली. पुढच्या पानावर नुसतं ‘बाप म्हणाला’ येतं. त्याला किती राग आला, काय तुटलं, हे सांगणारा परिच्छेद लिहिला असेल तर खोडून टाका. दोन शब्दांत काम झालंय. उलटही होतं : ‘शेजारचा म्हातारा म्हणाला’पासून सुरू झालेली कथा ‘आजोबा म्हणाले’पाशी आली की वाचकाला कळतं, मधल्या काळात काहीतरी घडलं. मात्र हा बदल चुकून झाला तर वाचक गोंधळतो. त्यामुळे कथा पूर्ण झाली की फक्त ‘म्हणाला’, ‘म्हणाले’ शोधत एकदा वाचून काढा. परत पाठवायच्या कथांमध्ये मला ही चूक फार दिसते. एकाच पानावर साहेब ‘म्हणाले’ही असतात आणि ‘म्हणाला’ही, आणि लेखकाला पत्ताच नसतो.

याच घरातलं आणखी एक रत्न म्हणजे ‘हे म्हणाले’. बाई गोष्ट सांगत असेल आणि नवऱ्याला ‘हे’ म्हणत असेल, तर तिचं वय, तिचं लग्न कुठल्या काळातलं, घरात कुणाचा शब्द चालतो, सगळं एका अक्षरात आलं. तिच्याच मुलीने सांगितलेल्या गोष्टीत ‘निखिल म्हणाला’ असेल. मग ‘जुनी पिढी’, ‘नवी पिढी’ असे शब्द कथेत आणायची गरजच पडत नाही.

इंग्रजी सल्ला मराठीत जसाच्या तसा चालत नाही याचं दुसरं कारण कानाचं आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं आणि गोष्ट भूतकाळात असते. तो उठला. खिडकीशी गेला. पडदा सारला. म्हणाला. ला, ला, ला. त्यात प्रत्येक संवादाच्या शेवटी ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ आलं की बडबडगीत होतं. तुम्हाला दोष ‘म्हणाला’ या शब्दात वाटला, म्हणून तुम्ही ‘उत्तरला’ आणलंत. पण तेही ‘ला’च! दोष जागेत आहे. जागा बदला :

“बघू,” प्रकाश म्हणाला, “अजून मार्चला वेळ आहे.”

इथे ‘म्हणाला’ वाक्याच्या पोटात आहे आणि ‘बघू’नंतरचा जो विचार करणारा क्षण आहे, तो त्याने भरून काढलाय. हेच शेवटी टाकून बघा, तो क्षण जातो. ‘म्हणाला’चं निम्मं काम असं श्वासाचं असतं. बोलणारा कोण हे ठाऊक असतानाही कधीकधी ते ठेवावं लागतं, नुसतं थांबायला.

बोलण्याच्या आधीही ठेवता येतं : ‘सुनीता म्हणाली,’ आणि मग वाक्य. आपली जुनी, गोष्ट सांगायची रीत हीच. कर्ताही गाळता येतो. आधीच्या वाक्यात अक्का उठून उभी राहिली असेल तर पुढे नुसतं ‘म्हणाली,’ पुरतं. आणि ‘म्हणत’ तर फारच गुणी : “येतो,” म्हणत त्याने चप्पल पायात सरकवली. बोलणं आणि करणं एका दमात. मात्र पानात एकदाच. तीन वेळा आलं की सगळी पात्रं घाईत असल्यासारखी वाटतात.

‘म्हणाला तो’, ‘उत्तरली ती’ ही उलटी रचना टाळा. वाचकाला त्यात भाषांतराचा वास येतो. गोष्ट तोंडी सांगण्याच्या ढंगात असेल तर आपल्याकडे त्याहून कितीतरी जिवंत प्रकार आहेत. ‘तर म्हणते कशी,’ असं लिहिलं की सांगणारी हात नाचवत सांगतेय हे दिसतं. ‘येणार म्हणे’ यातल्या ‘म्हणे’त ऐकीव बातमी आणि तिच्यावरचा अविश्वास दोन्ही असतात. ‘म्हटलं, बघून तरी यावं’ यातलं ‘म्हटलं’ तर बोलणंच नव्हे, मनातला विचार आहे. त्यासाठी ‘असा विचार त्याच्या मनात आला’ हे लांबण लावायला नको. विनोदी लिहीत असाल तर ‘इति सौ.’ आहेच, पण ते आता इतकं झिजलंय की जपूनच.

अवतरणचिन्हांबद्दल एक आडवाट. ती मराठीत छपाईबरोबर, एकोणिसाव्या शतकात आली. विरामचिन्हं रुजवण्याचं बरंचसं श्रेय मेजर टॉमस कँडी या इंग्रज कोशकाराला दिलं जातं. त्याआधी बोलणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे ‘म्हणोन’, ‘ऐसें’, ‘की’ या शब्दांनीच कळायचं. ती सवय भाषेत अजून आहे. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ असं आपण लिहितो, आणि ‘मी’ म्हणजे तोच हे कुणालाही कळतं. ‘तो म्हणाला की तो उद्या येईल’ लिहिलंत की दोन ‘तो’ झाले, आणि दुसरा तो कोण हा प्रश्नही. शक्य तिथे पहिलंच लिहा.

साध्या ‘म्हणाला’खेरीज कुठली क्रियापदं चालतात? आवाज खरोखर बदलला असेल आणि तो वाक्यातून ऐकू येत नसेल तर. ‘कुजबुजली’ चालतं, कारण ‘तो आलाय’ हे कुजबुजून म्हटलं की ओरडून हे त्या शब्दांवरून कळत नाही. ‘पुटपुटला’, ‘ओरडला’, ‘खेकसला’ही अधूनमधून चालतात. ‘विचारलं’ प्रश्नचिन्हानंतर बहुतेक वेळा जास्तीचं असतं. ‘उद्गारली’, ‘उत्तरला’, ‘वदला’ हे शब्द कुणाच्याही तोंडी येत नाहीत. तुमच्या आत्याने फोनवर कधी ‘मग तो असं उत्तरला’ असं सांगितलंय का? ‘बोलला’चं मात्र वेगळं आहे. ‘तो बोलला की जमणार नाही’ हे मुंबईत आणि कोकणात सर्रास आहे, पुण्यातली मंडळी त्याला नाक मुरडतात. गिरगावातला पोरगा गोष्ट सांगत असेल तर ‘बोलला’च लिहा. त्रयस्थ निवेदन असेल तर ‘म्हणाला’.

‘रागाने म्हणाला’, ‘खिन्नपणे म्हणाली’ यावर सगळेच बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगते. राग वाक्यात नसेल तर ‘रागाने’ लिहून येत नाही. असेल तर ‘रागाने’ नको. पण ‘आतूनच म्हणाली’, ‘ओट्यापासून न हलता म्हणाली’, ‘घास न गिळता म्हणाला’ हे वेगळं. त्याने माणूस कुठे आहे, काय करतोय ते दिसतं.

त्यावरून कृतींकडे येते. ‘म्हणाला’ काढून त्या जागी कृती घालायची हा सल्ला तुम्ही वाचला असेलच. चांगला आहे, पण त्याने आमच्याकडे वेगळीच साथ आली. कथांमधली माणसं सतत खांदे उडवतात, भुवया उंचावतात, मंद स्मित करतात आणि दीर्घ सुस्कारे सोडतात. खांदे उडवणारी आपली किती माणसं तुम्ही पाहिलीत? आपल्याकडे लोक हात झटकतात, नाक मुरडतात, मान उडवतात, तोंडाने ‘च्च’ करतात, उत्तर द्यायचं नसलं की उठून दिव्याचं बटण चालू-बंद करून बघतात. बायका भांडण चालू असताना मेथी निवडतात, आणि किती जोरात निवडतात यावरून घरातल्या सगळ्यांना कळतं. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी उठत नाही म्हणजे गोष्ट गंभीर आहे. ही भाषा आपल्याला येते, ती लिहीत का नाही? कृती घालायची तर तिने बोलण्याला काहीतरी जोडावं किंवा बोलणं खोटं पाडावं. ‘मला काही नको’ म्हणता म्हणता तिने कागदांची पिशवी आपल्या बाजूला ओढून घेतली, ही कृती. ‘त्याने चहाचा घोट घेतला’ ही फक्त जागा भरणं. माझ्या पहिल्या संग्रहात माणसं इतका चहा पितात, की एका वाचकाने मला पत्राने विचारलं होतं, यांना पित्त होत नाही का?

माझी दुसरी चूक आकाशवाणीमुळे झाली. सुरुवातीला मी श्रुतिका लिहायचे. श्रुतिकेत ‘म्हणाला’ नसतंच, आणि ऐकणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, म्हणून पात्रं एकमेकांना सारखी नावाने हाक मारतात : “अगं सुमे, काय सांगतेस!”, “हो ना रे दादा!” ती सवय कथेत आली. प्रत्यक्षात नवरा-बायको चार भिंतींत एकमेकांचं नाव दिवसातून किती वेळा घेतात? नाव घेतलं तर काहीतरी बिनसलेलं असतं. दर ओळीला नाव घालून ‘म्हणाला’ वाचवू नका. त्यापेक्षा ‘म्हणाला’ परवडलं.

बोलीबद्दल एवढंच, की ‘म्हणाला’ हे निवेदकाच्या अंगणात असतं, पात्राच्या नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त गोष्ट सांगणारे मास्तर प्रमाण मराठीत सांगतात आणि धनगर आपल्या बोलीत बोलतात. दोन्हींमधली रेघ स्पष्ट आहे. निवेदकच बोलीत सांगत असेल तर ‘म्हनला’ लिहा, पण मग सगळं त्याच सुरात हवं. पात्र वऱ्हाडी बोलतंय, निवेदन प्रमाण आहे आणि मध्येच ‘म्हने’ डोकावतंय, हे धेडगुजरी होतं. निवेदन ‘सांगितले’, ‘केले’ असं आणि संवाद ‘सांगितलं’, ‘केलं’ असे लिहायला मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच जागा आहे. काही अंक अजून तसंच छापतात, तेव्हा पाठवण्याआधी अंक चाळा.

आणि सगळंच बोलणं संवादात लिहायचं नसतं. ‘आल्या-गेल्याची चौकशी झाली, पाणी झालं, चहा झाला’ या एका ओळीने दीड पान वाचतं.

आता तुमच्या चार ओळी. संपादकांना खटकलं असेल ते ‘गर्जला’ नव्हे, किंवा नुसतं तेवढंच नव्हे. पहिल्यांदा मला अडलं ते सुनीताचं ‘तू’. ही दोघं कोण? तुम्ही कथेत लिहिलंय की प्रकाश पंचावन्नचा, साताऱ्याकडच्या खेड्यातला, शेतीवर सोसायटीचं कर्ज. त्या घरातली बायको नवऱ्याला ‘तू’ म्हणाली तर ती कथेतली सर्वांत मोठी घटना आहे, आणि तुम्ही ती चौथ्याच ओळीत उडवून टाकलीत. तिथे ‘फणकारली’ लावून काय होणार? शिवाय ‘कर्ज कोण फेडणार’ हे कुठल्याही घरात कुणीही म्हणेल. या घरात ‘सोसायटी’ म्हणतील, ‘मार्च’ म्हणतील. मी असं करून बघितलं :

“घर विकायचं नाही.”
“मग सोसायटीचं कोण भरणार?”
“भरीन मी.”
“भराल की. मागच्या मार्चातबी भरणारच होता.”
प्रकाशने बहिणीकडे पाहिलं. “अक्के, तू तरी सांग गं हिला.”
अक्का मेथी निवडत होती. हातातली जुडी संपली तशी तिने काड्या गोळा केल्या, सुपात टाकल्या.
“मला कशाला मधी घेता,” ती म्हणाली. “सही लागंल तवा बोलवा.”

पहिल्या चार ओळींत ‘म्हणाला’ नाही, कारण कोण कुणाशी बोलतंय ते ‘भराल’ने सांगितलं. गर्जना गेली आणि उद्गारचिन्हही गेलं. तरी ‘भरीन मी’मधला मी मला जास्त जोरात ऐकू येतो. ‘भराल की’ मानाने बोललेलं आहे आणि टोचतं ते त्यामुळेच. अक्काच्या ओळीला मात्र मी ‘ती म्हणाली’ मुद्दाम ठेवलंय. ते काढलं तरी अर्थ कळतो, पण ती फार पटकन बोलून मोकळी होते. घरात तिचाही हिस्सा आहे, सहीशिवाय व्यवहार होणार नाही, हे तिला पहिल्यापासून माहीत आहे. तिला बोलायची घाई नाही.

सुनीताचं ‘तू’ पुढे ढकला. शेवटून दुसऱ्या पानावर, सगळे झोपल्यावर, हळू आवाजात येऊ द्या. आणि तिथे ‘म्हणाली’ लिहिणार असाल, तर त्याच्या पुढे-मागे दुसरं काही लिहू नका.